नागरिकाची सूचना आणि शासनाचे उत्तर

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाची संहिता)



वाचनालयाच्या शताब्दीत कथा, कविता, नाटक यांवर व्याख्याने व्हावीत, हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या जोडीला एक सायंकाळ राज्याच्या धोरणांना आणि त्या धोरणांविषयी सामान्य नागरिकाने करावयाच्या सूचनांना दिली गेली, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मराठी समाजात वाचनालय आणि लोकमत ही एकाच घरात वाढलेली भावंडे आहेत. १८४८ साली पुण्यात ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ स्थापन झाली. तिच्या उभारणीत गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. आणि त्याच वर्षी ते ‘लोकहितवादी’ या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात आपली प्रसिद्ध पत्रे लिहू लागले. देशाचा कारभार कसा चालावा, हिंदुस्थानास पार्लमेंट का असावे, असे प्रश्न त्या पत्रांतून आले. ग्रंथसंग्रह करणे आणि राज्यकारभाराविषयी मत देणे ही दोन निराळी कामे आहेत, असे त्या पिढीला वाटलेच नाही. वाचल्याशिवाय मत द्यायचे नाही, आणि वाचल्यावर मत दिल्याशिवाय राहायचे नाही, अशी ती वृत्ती होती.

या वृत्तीची आठवण आज करण्यास तसेच कारण आहे. नागरिकांनी सूचना पाठवाव्यात, असे आवाहन शासनाकडून आता वारंवार होते. राज्याचा अर्थसंकल्प मांडण्यापूर्वी जनतेच्या सूचना मागवण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. शहराच्या विकास योजनेचा मसुदा निघाला की हरकती आणि सूचना मागवणारी नोटीस प्रसिद्ध होते. कलेक्टर कचेरीत दर मंगळवारी जनसुनवाई भरते. बोलावणे येत नाही, अशी तक्रार आता फारशी करता येणार नाही. प्रश्न बोलावण्यानंतरचा आहे. किती नागरिक जातात, काय घेऊन जातात, आणि परत येताना काही घेऊन येतात काय?

फ्रीगंजातला टावर चौक हे उज्जैनच्या लोकमताचे अंगण आहे, असे म्हणावयास हरकत नाही. संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांभोवती माणसे जमतात आणि सिंहस्थाच्या रस्त्यांपासून क्षिप्रेच्या पाण्यापर्यंत कोणताही विषय तिथे वर्ज्य नसतो. धरणी होतात, सभा होतात, निवेदने वाचली जातात. हिंदीत त्यांना ‘ज्ञापन’ म्हणतात. मते भरपूर आहेत. परंतु चौकातले मत रात्री गाड्या बंद होताना चौकातच राहते, आणि कचेरीतल्या आवाहनाच्या मुदतीचा शेवटचा दिवस कोणाच्या लक्षातही न येता उलटून जातो. एकीकडे बोलणारे आहेत, दुसरीकडे विचारणारे आहेत. दोघांची गाठ मात्र पडत नाही. ही गाठ का पडत नाही आणि ती कशी घालता येईल, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम सूचना म्हणजे काय, हे स्पष्ट व्हावयास हवे. व्यवहारात तक्रार, मागणी आणि सूचना हे तीन शब्द सरमिसळ वापरले जातात. त्यांतील भेद टावर चौकाच्याच उदाहरणाने सांगता येईल. ‘माझ्या दुकानासमोर गाडी लागते, तिचा त्रास होतो,’ ही तक्रार झाली. ती एकाची असते. ‘चौकातल्या सगळ्या गाड्या हटवा,’ ही मागणी झाली. ती एका गटाची असते, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला ज्यांची चूल त्या गाडीवर पेटते असा दुसरा गट उभा असतो. सूचनेला दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. पथविक्रेत्यांसंबंधीचा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला. त्या कायद्यानुसार विक्रेत्यांची पाहणी करावयाची असते, विक्रीच्या जागा ठरवावयाच्या असतात, आणि हे ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के असावे लागतात. हा कायदा वाचून, चौकाची रुंदी मोजून, कोणत्या वेळी कोणत्या बाजूस किती गाड्या उभ्या राहाव्यात याचा आराखडा जो नागरिक मांडील, त्याने सूचना केली असे म्हणता येईल. तक्रारीला दुखणे पुरते आणि मागणीला संख्या पुरते. सूचनेला मात्र माहिती लागते, आणि आपल्याशी न पटणाऱ्या माणसाचीही सोय पाहावी लागते.

अशी सूचना कशी असते, याचा उत्तम नमुना मराठी माणसाला दूर शोधावा लागत नाही. १८८२ साली सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला आणि जाणकारांकडून निवेदने मागवली. जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन सादर केले. स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली. बोलण्याचा अधिकार त्यांनी पदवीवरून सांगितला नाही. स्वतः चालवलेल्या शाळांच्या अनुभवावरून सांगितला. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

परंतु ते आक्षेपावर थांबले नाहीत, आणि त्या निवेदनाचे मोठेपण येथेच आहे. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी सुचवले. शिक्षक कोणत्या समाजातून यावेत, ते प्रशिक्षित असावेत, त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, हे सांगितले. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे पाठ असावेत, हेही सांगितले. राज्यकर्त्याला उद्या सकाळी कामाला लागता येईल, इतके ते निवेदन तपशिलाचे होते.

त्याचे पुढे काय झाले? त्या वेळी सक्तीचा मुद्दा स्वीकारला गेला नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत प्रयोग करून १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले, ते नामंजूर झाले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत ती गोष्ट मार्गदर्शक तत्त्व म्हणून आली, २००२ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क झाली, आणि शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. पुण्यातल्या एका नागरिकाच्या सूचनेला देशाच्या कायद्याचे रूप येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. या इतिहासातून दोन बोध होतात. नीट लिहिलेली सूचना नाकारली गेली तरी मरत नाही. कागदावर आणि ग्रंथालयात ती पुढच्या माणसाची वाट पाहते. दुसरा बोध कटू आहे. मधल्या काळात ज्या मुलामुलींचे शाळेचे वय निघून गेले, त्यांना त्या विलंबाची किंमत मोजावी लागली. सूचनेला उत्तर न देणे ही केवळ दप्तरातली दिरंगाई नसते. कोणाचे तरी आयुष्य त्यात खर्ची पडते.

एकट्याच्या सूचनेला बळ कमी पडते तेव्हा संस्था उभी राहावी लागते. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष होता. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा जन्मास आली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष, आणि गणेश वासुदेव जोशी तिचे प्राण. लोकांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून सभेने मुखत्यारपत्रांची पद्धत घातली. सुमारे सहा हजार लोकांच्या सह्यांनी ९५ प्रतिनिधी निवडले गेले. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली, पिकांची, पाण्याची व मजुरीची हकीकत गोळा केली आणि ती वेळोवेळी सरकारपुढे मांडली. दुष्काळ आहे असे सर्वच म्हणत होते. कोणत्या तालुक्यात काय घडते आहे, हे सभा कागदावर दाखवत होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासात सभेला लागलेले हे वळण, म्हणजे आधी पाहणी आणि मग अर्ज, हा मराठी सार्वजनिक जीवनाचा मोठा वारसा आहे.

टावर चौकात ज्यांचा पुतळा आहे त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म याच माळव्यातला, महूचा. मताधिकाराच्या प्रश्नावर साउथबरो समितीने साक्षी घेतल्या, तेव्हा २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी मुंबईत साक्ष दिली. वय अवघे सत्तावीस वर्षांचे आणि पद सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाचे. अस्पृश्य समाजाला स्वतःचे प्रतिनिधी का हवेत, हे त्यांनी युक्तिवाद आणि आकडे यांच्या आधारे मांडले. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या पाठीशी रुपयाच्या प्रश्नावरचा स्वतःचा ग्रंथ होता. त्यानंतर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की सनदशीर मार्ग खुले असताना इतर मार्गांना समर्थन उरत नाही. या इशाऱ्याची पहिली बाजू सर्वांना पाठ आहे. दुसरी विसरली जाते. मार्ग खुले असताना, ही त्यातली अट आहे. सनदशीर मार्ग खुला आहे असे केव्हा म्हणावे? अर्ज घेणारी खिडकी उघडी असली म्हणजे पुरते काय? अर्जाचे उत्तर त्याच खिडकीतून बाहेर आले पाहिजे, तरच तो मार्ग म्हणावयाचा.

उत्तर मिळाले तर काय घडते, याचेही उदाहरण आहे. विठ्ठल सखाराम पागे हे तासगाव तालुक्यातले गांधीमार्गी कार्यकर्ते, पुढे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. काम मागणाऱ्या ग्रामीण मजुराला शासनाने कामाची हमी द्यावी, हा विचार त्यांनी १९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्राने कळवला. पत्र फायलीत बंद न होता तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात ती कल्पना राज्याच्या उपयोगी पडली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तोच विचार देशभर नेला. पागे सत्तेच्या जवळ होते, सामान्य माणसाच्या पत्राला ही वाट मिळाली असती काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या क्रमाने हे घडले, तो क्रम सर्वांनाच लागू पडतो. आधी पत्र, मग लहान जागी प्रयोग, मग अनुभव आणि शेवटी कायदा, असा तो क्रम होता.

आता उज्जैनकडे वळू. हे नगर दीर्घकाळ शिंद्यांच्या राज्यात होते आणि येथील अनेक मराठी घराणी त्याच राज्याबरोबर आली. अर्ज लिहिणे या घराण्यांना नवीन नाही. दरबारी अर्जांचा त्यांना चांगला सराव होता. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर संस्थानात मजलिस-ए-आम व मजलिस-ए-कानून अशी मंडळे निघाली. रयतेचे म्हणणे ऐकून घेण्याचा तो प्रयत्न होता. ऐकलेले मान्य करण्याचे बंधन मात्र दरबारावर नव्हते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ साली मध्यप्रदेश अस्तित्वात आला, आणि दरबारची रयत प्रजासत्ताकाची नागरिक झाली. अर्जाची भाषा मात्र पुष्कळदा जुनीच राहिली. ‘कृपा व्हावी’ ही रयतेची भाषा आहे. ‘हे असे करणे सर्वांच्या हिताचे आहे, न करावयाचे असल्यास कारण कळवावे,’ ही नागरिकाची भाषा आहे.

या भेदाचे महत्त्व सिंहस्थाच्या जमिनींच्या प्रश्नाने नुकतेच दाखवून दिले. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या मेळ्यासाठी क्षिप्राकाठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी काही महिने घ्यावयाच्या आणि मेळा संपल्यावर परत द्यावयाच्या, अशी जुनी वहिवाट आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी कायम स्वरूपाचे रस्ते व सोयी उभारता याव्यात म्हणून, जमिनी एकत्र करून त्यांचा विकास करण्याची योजना, म्हणजे लँड पूलिंग, शासनाने पुढे आणली. कोट्यवधी यात्रेकरूंची सोय हा त्यामागचा हेतू होता, आणि तो क्षुल्लक म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची शेती कायमची हातची जाईल, ही शेतकऱ्याची भीतीही क्षुल्लक नव्हती. आंदोलन झाले, आणि २०२५ च्या अखेरीस शासनाने ती योजना मागे घेतली. कोण जिंकले आणि कोण हरले, याची चर्चा पुष्कळ झाली. खरे पाहता दोन्ही पक्षांचा वेळ गेला आणि सिंहस्थाची तारीख मात्र जवळ आली. जे संभाषण अखेरीस रस्त्यावर झाले, ते आखणीपूर्वीच त्या गावांच्या चावडीवर, नकाशा समोर पसरून झाले असते तर? धोरण ठरल्यावर घेतलेली हरकत विरोधासारखी भासते. तीच गोष्ट आधी विचारली तर सूचना ठरते. पुष्कळदा दोहोंतला फरक केवळ वेळेचा असतो.

कायद्याने नागरिकाच्या हाती साधने दिली आहेत, हेही सांगितले पाहिजे. मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ चा आहे. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून लेखी हरकती व सूचना मागवणे त्यानुसार आवश्यक आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले, ७४ व्या दुरुस्तीने शहरांतील वॉर्ड समित्यांची सोय केली. दोन्ही १९९३ साली अमलात आल्या. २०१४ साली केंद्र शासनाने असे धोरण ठरवले की विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. परंतु सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत कमी वाचलेली, तरतूद २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. महत्त्वाचे धोरण आखताना संबंधित वस्तुस्थिती शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावी आणि आपल्या निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना सांगावीत, असे ते कलम सांगते. नागरिकाला माहितीही हवी असते आणि उत्तरही हवे असते. या एकाच कलमात दोन्ही आहेत.

साधने आहेत, तरी ती हाती धरण्याची सवय नाही. येथे वाचनालयाचे काम सुरू होते. शंभर वर्षे ज्या घराने माळव्यातल्या मराठी माणसाला त्याची भाषा जपून दिली, त्या घराला दुसऱ्या शतकात हे काम सहज पेलेल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक कपाट असावे. त्यात राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके, राजपत्राचे अंक, नगराच्या विकास योजनेचे मसुदे आणि नकाशे सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत. सूचनांची मुदत केव्हा संपते, हे सांगणारा एक फलक वाचनकक्षात लागावा. महिन्यातून एकदा सभासदांनी एकाच विषयावर बसावे: क्षिप्रेचे पाणी, चौकातली वाहतूक, शाळांतील भाषाशिक्षण, वृद्धांसाठी दवाखान्यातील सोय. त्या बैठकीला त्या प्रश्नाची झळ ज्याला लागते त्या माणसाला आवर्जून बोलवावे. तो वाचनालयाचा सभासद नसेल, मराठी बोलणाराही नसेल. म्हणून त्याची खुर्ची रिकामी राहता कामा नये.

येथे एक नाजूक मुद्दा आहे. मध्यप्रदेशातला मराठी भाषक संख्येने थोडा आहे. थोड्यांची प्रवृत्ती अशी होते की आपले तेवढे मागावे: आपले सभागृह, आपले अनुदान, आपल्या भाषेची शाळा. त्यात गैर काही नाही. परंतु जो समाज केवळ स्वतःसाठी मागतो, त्याचे म्हणणे मागणी म्हणूनच मोजले जाते, आणि मोजणीत थोडे मागेच राहतात. जो समाज सर्वांच्या प्रश्नावर नीट अभ्यासलेली सूचना घेऊन जातो, त्याचे वजन डोकी मोजून ठरत नाही. घरात मराठीत विचार करून कचेरीत हिंदीत बोलणारा माणूस दोन भाषांतून राज्याकडे पाहतो. महाराष्ट्रातले प्रयोग येथे आणणे आणि येथले अनुभव तिकडे कळवणे, हे काम त्याच्याइतके चांगले कोण करील?

शेवटी एक छोटी सूचना, या व्याख्यानाच्या विषयाला धरूनच. वाचनालयाने एक नोंदवही घालावी. तिच्या डाव्या पानावर नागरिकांनी पाठवलेली सूचना, तारीख आणि कचेरीचे नाव लिहावे. उजव्या पानावर आलेले उत्तर लिहावे. उत्तर आले नाही, तर ते पान कोरेच ठेवावे आणि तीन महिन्यांनी तीच सूचना पुन्हा पाठवावी. नेमाने ठेवलेली अशी वही अधिकाऱ्याला नागरिकाची आठवण देईल, आणि नागरिकाला त्याच्या स्वतःच्या आळसाचीही आठवण देईल. कारण कदाचित डावे पानच कोरे राहील. दुसऱ्या शताब्दीचा जो कोणी इतिहास लिहील, त्याला या घराने किती पुस्तके जमवली ते दाखल-नोंदवहीत सापडेल. वाचलेल्या माणसांनी आपल्या नगरासाठी काय केले, हे त्याला या दुसऱ्या वहीत सापडावे. तिच्या पहिल्या पानावर पहिली सूचना कोणती लिहावयाची, हे ठरवण्यासाठी सर्व सभासदांनी आणि नागरिकांनी पुढील महिन्यात येथेच एकत्र यावे, एवढे निमंत्रण देऊन हे व्याख्यान संपवणे उचित होईल.